पिरॅमिड, लाईन नंबर तीन आणि ९२ चा आकडा

तेलकट_हात

राम राम मंडळी. लांबण लागणार आहे, चहा घेऊन बसा.

मागच्या गुरुवारी कंपनीने आम्हा अकरा सुपरवायझरना ट्रेनिंगला धाडलं. हॉटेलातला हॉल, हाडं गारठवणारा एसी, टेबलावर पेपरमिंटच्या गोळ्या आणि पडद्यावर तो पिरॅमिड. डिप्लोमा, बी.कॉम., एमबीए, काहीही शिकलेल्या माणसाने तो एकदा तरी पाहिलेला असतो. तळाला पोटापाण्याचं, त्यावर सुरक्षितता, मग आपुलकी, मग मानमरातब आणि टोकाला आत्मसाक्षात्काराच्या जवळपासचं काहीतरी. ट्रेनर पोरगा चुणचुणीत होता. त्याने विचारलं, “तुमचा ऑपरेटर यातल्या कुठल्या पायरीवर आहे?” मागून आमचा पेंटशॉपवाला म्हणाला, “सर, तो जिन्याखाली तंबाखू मळतोय.”

हसून झालं. शुक्रवारी सकाळी पुन्हा शॉपवर.

आता माझं दुखणं सांगतो. भोसरीतली मध्यम कंपनी, नाव नको. लाईन नंबर तीन, सहा सीएनसी टर्निंग मशीन (म्हणजे संगणकावर चालणारे लेथ), ट्रॅक्टरच्या गिअरबॉक्सचा शाफ्ट. जॉब लावणं-काढणं धरून सायकल टाइम चार मिनिटं. आठ तासांतून जेवण आणि दोन चहा वजा केले की ४३० मिनिटं उरतात, म्हणजे मशीनमागे १०७ नग. टार्गेट १०५. येतात किती? ९२. पहिली पाळी ९२, दुसरी ९२, रात्रपाळी ९२. इन्सर्ट, म्हणजे कापणारं पातं, तुटला तरी ९२, पंधरा मिनिटं लाईट गेली तरी ९२. अंगचोर म्हणावं तर रिजेक्शन जवळजवळ नाही, मशीन आरशासारखी पुसलेली. कामचुकार माणूस असं काम करत नाही.

दिवाळीनंतर एक कंत्राटी पोरगा आला, आयटीआय झालेला, अंगात रग. पहिल्याच रात्रपाळीत १०४ नग देऊन गेला. मी खूश. दुसऱ्या दिवशी कँटीनमध्ये त्याच्या टेबलावर कुणी बसलं नाही. कुणी काही बोललं नाही, भांडण नाही, शिवी नाही. ताट घेऊन येणारा प्रत्येक जण त्याच्याजवळून पुढे जात होता, एवढंच. पोरगा मान खाली घालून वरण-भात कालवत बसला होता. तिसऱ्या दिवशी त्याचेही ९२.

म्हणून मीच वाचायला बसलो, आणि एका जागी चपापलो. शिकागोजवळ सिसेरोला वेस्टर्न इलेक्ट्रिकचा हॉथॉर्न कारखाना होता, टेलिफोनची यंत्रं बनवायचा. १९२४ पासून १९३२ पर्यंत तिथे प्रयोग चालले. ट्रेनिंगमध्ये आम्हाला त्यातला उजेडाचा किस्सा सांगितला होता: दिवे वाढवले तरी काम वाढलं, कमी केले तरी वाढलं, म्हणजे लक्ष दिलं की माणूस फुलतो. शेवटचा प्रयोग मात्र सांगितला नाही. नोव्हेंबर १९३१ ते मे १९३२, एका खोलीत १४ पुरुष: ९ तारा जोडणारे, ३ डाग देणारे, २ तपासनीस. संशोधक कोपऱ्यात नुसता बसून. कंपनीचं टार्गेट दिवसाला ७३१२ जोडण्या. या लोकांनी आपसात ठरवलेलं ‘एका दिवसाचं काम’ होतं साधारण ६००० ते ६६००. कुणी जोरात सुटला की शेजारचा त्याच्या दंडावर एक ठोसा ठेवून द्यायचा. या ठोशाला त्यांनी खास नावही दिलं होतं. आणि रोजचा आकडा सारखा दिसावा म्हणून जादा झालेलं काम मागे ठेवून दुसऱ्या दिवशी दाखवायचे.

नव्वद वर्षांपूर्वीची शिकागोची खोली, आणि माझी लाईन नंबर तीन! आमच्याकडे ठोशाऐवजी रिकामं टेबल, फरक एवढाच.

तर जाणकारांनो, हे ९२ तुमच्या कुठल्या थिअरीत बसतं?

मधलीसुट्टी

वाखुसा (वाचनखूण साठवली आहे). पेंटशॉपवाल्याला माझ्यातर्फे एक कटिंग.

एचआरताई

मी दुसऱ्या बाजूची. असे पिरॅमिड दाखवून माझं घर चालतं, त्यामुळे जरा बोलते.

आधी मास्लोची बाजू, म्हणजे ज्याच्या नावावर हा पिरॅमिड खपतो त्या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाची. त्याने १९४३ मध्ये जो निबंध लिहिला त्यात पिरॅमिड नाहीच. ते त्रिकोणाचं चित्र पुढे व्यवस्थापनातल्या लोकांनी काढलं. आणि एक पायरी पूर्ण झाल्याशिवाय माणूस दुसरीवर जात नाही असंही तो म्हणत नव्हता. गरजा एकमेकींत मिसळलेल्या असतात, क्रम उलटाही होतो, हे त्याने स्वतःच लिहून ठेवलंय. चित्र सोपं म्हणून टिकलं, मजकूर कुणी वाचला नाही. गिरणी संपात महिनोन्महिने उपाशी राहिलेल्यांना कुठल्या पायरीवर बसवाल?

मला स्वतःला हर्झबर्ग हा दुसरा मानसशास्त्रज्ञ जास्त कामाचा वाटतो. १९५९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्याने पिट्सबर्गच्या आसपासच्या दोनेकशे इंजिनिअर आणि अकाउंटंट लोकांना दोनच गोष्टी विचारल्या: कामावर अतिशय छान कधी वाटलं आणि अतिशय वाईट कधी वाटलं. उत्तरं दोन वेगळ्या पोत्यांत पडली. वाईट वाटण्याच्या पोत्यात पगार, साहेब, कंपनीचे नियम, कामाची जागा. छान वाटण्याच्या पोत्यात प्रत्यक्ष काम, ते तडीस गेल्याचं समाधान, जबाबदारी, कुणीतरी घेतलेली दखल. म्हणजे कँटीनचं जेवण सुधारलं तर कुरकुर थांबेल, पण त्यामुळे कुणी कामावर जीव टाकणार नाही. संडास स्वच्छ असणं ही प्रेरणा नव्हे. तो घाण असणं मात्र अपमान आहे. हे वाक्य मी प्रत्येक मॅनेजमेंटला ऐकवते, आणि प्रत्येक मॅनेजमेंट मला विचारते की मॅडम, एक मोटिव्हेशन सेशन घ्याल का.

खोट मीच सांगते, कुणी दुसऱ्याने काढण्याआधी: यशाचं श्रेय माणूस स्वतःला देतो आणि अपयशाचं खापर साहेबावर फोडतो. त्यामुळे दोन पोती आपोआपच तयार होतात. शिवाय त्याने विचारलं ते अकाउंटंटना, लाईनवरच्या माणसाला नाही.

तेलकट_हात, तुमच्या ९२ वर थेट उत्तर माझ्याकडे नाही. पण इन्सेंटिव्ह काय आहे तुमच्याकडे, ते सांगितलंच नाहीत.

तेलकट_हात

ताई, ९० च्या वर नगामागे थोडे पैसे मिळतात. ९२ वर महिन्याला एक गॅस सिलिंडरही सुटत नाही. १०५ दिले तर बऱ्यापैकी रक्कम होते. म्हणूनच तर कोडं.

निवृत्त_फोरमन

कोडं कसलं त्यात. ३४ वर्षं लेथवर आणि लेथवाल्यांवर काढली आहेत, ऐका.

फ्रेडरिक टेलर, ‘सायंटिफिक मॅनेजमेंट’वाला अमेरिकी इंजिनिअर, हे नाव घेतलं की सगळे नाक मुरडतात. घड्याळ घेऊन मजुराच्या मागे उभा राहणारा माणूस. बेथलेहेम स्टीलमध्ये १८९९ च्या सुमारास एका मजुराला दिवसाला साडेबारा टनांऐवजी साडेसत्तेचाळीस टन लोखंडी लगडी उचलायला लावल्या आणि रोज १.१५ डॉलरचा १.८५ केला. काम जवळजवळ चौपट, पैसे दीडपटीच्या थोडे वर. हा हिशोब बघून आमचे युनियनचे जुने अध्यक्ष म्हणायचे, “याला सायन्स म्हणतात होय, आमच्याकडे याला वेठ म्हणतात.”

पण लोक विसरतात की टेलर स्वतः लेथवर काम केलेला. फिलाडेल्फियाच्या मिडव्हेल स्टीलमध्ये त्याला लेथवाल्यांचा गँगबॉस केलं, तेव्हा त्याने जाहीर केलं की आता मी मॅनेजमेंटच्या बाजूचा, काम वाढवून घेणार. तीनेक वर्षं नुसती मारामारी. मशीन मोडायची, नावं ठेवायची. काल-परवापर्यंत त्यांच्यातलाच असल्याने त्याला सगळ्या खोड्या ठाऊक. आणि मग त्याने प्रामाणिकपणे जे लिहून ठेवलं ते महत्त्वाचं: लोक मला येऊन विचारायचे की तू आमच्या जागी असतास तर जास्त काम दिलं असतंस का, आणि मला सांगावं लागायचं की नसतं दिलं. कारण नग वाढले की मालक नगाचा दर कापणार. मेहनत दुप्पट, पैसे तेवढेच.

म्हणजे पाट्या टाकणं हा आळस नसून शहाणपणा आहे, हे व्यवस्थापनशास्त्राच्या बापानेच कबूल केलंय. तुमच्या लाईनला विचारा, याआधी टार्गेट कधी वाढलं होतं ते.

वडापाव_अर्थशास्त्री

+१. फोरमनकाकांच्या म्हणण्याला पुस्तकी आधार हवा असेल तर मानसशास्त्रज्ञ व्हिक्टर व्रूम, १९६४. त्याच्या मते माणूस मनात तीन हिशोब करतो. मी जोर लावला तर जमेल का? जमलं तर कबूल केलेलं मिळेल का? आणि मिळालं तर ते मला हवंय का? तिन्हींचा गुणाकार. एक जरी शून्य आलं तरी उत्तर शून्य.

लाईन तीनला लावा. जमेल का: कंत्राटी पोराने १०४ देऊन दाखवलं, जमतं. हवंय का: पैसे कुणाला नको? गाडी अडते मधल्या प्रश्नावर. मिळेल का? मिळेल, एक-दोन महिने. नंतर इन्सेंटिव्ह ९० ऐवजी १०४ च्या वर सुरू होईल. मधला आकडा शून्यसुद्धा नाही, उणे आहे.

खडू_फळा

कारखान्यातलं मला कळत नाही, मी जिल्हा परिषदेच्या शाळेत. पण कँटीनचं टेबल वाचून गलबललं.

मी शिक्षणसेवक म्हणून तीन वर्षं काढली. शेजारच्या वर्गावर पूर्ण पगाराच्या बाई, माझ्या वर्गावर मी मानधनावर. मुलं तेवढीच, फळा तोच, खिचडीची नोंद तीच, जनगणना-निवडणूक तीच. किंबहुना ‘नवीन आहे, पळेल’ म्हणून जास्तच. पैसे कमी पडायचे हे खरं, पण रात्री झोप उडायची ती त्याने नाही. बाईंची आणि माझी सही एकाच हजेरीपत्रकावर एकाखाली एक असायची, त्याने.

नंतर वाचलं की जे. स्टेसी अॅडम्स नावाच्या माणसाने १९६३ मध्ये नेमकं हेच मांडलंय. माणूस स्वतःला किती मिळतं हे एकटं बघत नाही. मी किती घालतो आणि किती मिळतं, शेजारचा किती घालतो आणि त्याला किती मिळतं, ही दोन गुणोत्तरं ताडून बघतो. जुळली नाहीत तर काहीतरी करतो: जास्त मागतो, कमी घालतो, नोकरी सोडतो, नाहीतर तुलनेला दुसरा शेजारी शोधतो. मी चौथा उपाय केला, मेडिकलला डोनेशन भरून गेलेल्या मित्राच्या कर्जाशी स्वतःची तुलना करायचो. बरं वाटायचं.

त्या कंत्राटी पोराचा रोज पर्मनंटच्या किती आहे?

तेलकट_हात

निम्म्याहून कमी. आणि १०४ त्यानेच दिले. पर्मनंट व्हायची आशा असते हो सुरुवातीला.

सॅन_होजेकर

इथे कॅलिफोर्नियात पगार, शेअर, फुकट जेवण सगळं आहे, तरी मंगळवारी सकाळी निम्म्या टीमचे डोळे मेलेल्या माशासारखे असतात. त्यामुळे ‘पैसे वाढवा’ हे उत्तर मला अपुरं वाटतं.

मानसशास्त्रज्ञ एडवर्ड डेसीचा १९७१ चा प्रयोग बघा. विद्यार्थ्यांना ठोकळ्यांचं कोडं दिलं. एका गटाला मध्येच प्रत्येक सोडवलेल्या कोड्याला एक डॉलर, दुसऱ्याला काही नाही. पैसे बंद झाल्यावर मोकळ्या वेळात कोण कोड्याशी खेळत बसतं ते लपून पाहिलं. पैसे मिळालेल्यांचा ओढा आटला होता. दोन वर्षांनी बालवाडीतल्या चित्रं काढणाऱ्या पोरांवर तसाच प्रयोग झाला. बक्षीस आधी कबूल केलेल्या मुलांनी नंतर स्केचपेनांना कमी हात लावला. यातूनच पुढे डेसी आणि रायन यांनी मांडलं की माणसाला तीन गोष्टी लागतात: स्वतःच्या मर्जीने काही ठरवता येणं, आपल्याला हे येतं ही जाणीव, आणि आपली माणसं.

अवांतर: मास्लो १९६२ च्या उन्हाळ्यात आमच्याच राज्यात डेल मारच्या एका मापनयंत्रांच्या कंपनीत राहून गेला. तिथल्या मालकाने असेंब्ली लाईन काढून टाकून छोट्या टोळ्या केल्या होत्या. मास्लो हरखला. पण काही वर्षांत धंदा बसला आणि कंपनी जुन्या वळणावर गेली. पुढे त्याच कंपनीने केप्रो नावाचे उचलून नेता येणारे संगणक काढले, ते कुणाला आठवत असतील.

तेलकट_हात, उजेडाच्या किश्श्याबद्दल: मूळ आकडे हरवले असं समजत होते, ते सापडले. लेविट आणि लिस्ट या अर्थतज्ज्ञांनी २०११ मध्ये ते नव्याने तपासले. ‘दिवे कसेही केले तरी काम वाढलं’ हा चमत्कार त्यात फारसा दिसत नाही.

निवृत्त_फोरमन

सॅन_होजेकर, कोडं सोडवणारा विद्यार्थी संध्याकाळी घरी जाऊन आईच्या हातचं जेवतो. शाफ्ट टर्न करणं हा छंद असता तर मीही फुकट केलं असतं. ज्याला मुळात आवडच नव्हती त्याची आवड डॉलरने कशी आटणार?

सॅन_होजेकर

मान्य काका. कंटाळवाण्या कामाला हे लागू होत नाही. पण मर्जीचा मुद्दा सोडू नका. ९२ हा आकडा कुणी ठरवला? त्यांनी. अख्ख्या कारखान्यात त्यांनी ठरवलेली ती एकच गोष्ट असेल.

तेलकट_हात

हे मात्र डोक्यात घुसलं. काल दिवसभर तेच चाललं होतं.

गिरणीचा_पोर

धागा लालबागला येणार हे ठाऊकच होतं, आलोच.

वडील गिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागांवर, आजोबाही. वडिलांची पहिली सहा-सात वर्षं बदलीत गेली. बदली म्हणजे काय ते नव्या लोकांना सांगतो: सकाळी भोंग्याच्या आधी गेटवर उभं राहायचं, कुणी कायमचा कामगार आला नाही तर त्याच्या जागी तुम्हाला घेणार, नाहीतर परत. डबा भरून न्यायचा आणि कित्येकदा तो घरी येऊन खायचा. आई डब्यात दोन भाकऱ्या कमी घालत नसे. कमी घातल्या तर तिने धरून चालल्यासारखं होईल की आज काम नाही.

तुमच्या चर्चेत एक शब्द अजून आला नाही: बोनस. मॅनेजमेंटच्या पुस्तकात तो ‘प्रोत्साहन’ या खात्यात असतो. मुंबईत तसा कधीच नव्हता. पहिल्या महायुद्धात गिरण्यांना बख्खळ नफा झाला, तेव्हा १९१७ मध्ये पगाराच्या १० टक्के युद्धबोनस सुरू झाला. काही वर्षं मिळत राहिला. १९२३ चा बोनस मालकांनी नाकारला आणि १९२४ च्या जानेवारीत गिरण्या बंद पडल्या. मुख्य न्यायाधीश मॅक्लिऑड यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली, तिने सांगितलं की कामगारांचा यावर कायदेशीर हक्क नाही. मालकाच्या लेखी ती खुशाली होती, कामगाराच्या लेखी मागे राहिलेला पगार. हे भांडण मिटायला पुढची चाळीस वर्षं लागली. १९५० मध्ये न्यायाधिकरणाचं सूत्र आलं, १९६५ मध्ये कायदा. किमान बोनस आधी ४ टक्के होता, सत्तरच्या दशकात ८.३३ झाला. ८.३३ म्हणजे वर्षाच्या बारा पगारांतला एक. नफा असो वा तोटा, द्यायचाच.

म्हणून ताई, बोनस मिळाला म्हणून आमच्या घरी कुणी जोमाने कामाला लागल्याचं आठवत नाही. पण एका दिवाळीला तो चार दिवस उशिरा झाला, तेव्हा वडील कंदील लावायला स्टुलावर चढले आणि तसेच उतरून बसले. तुमच्या हर्झबर्गचं पहिलं पोतं ते हेच.

आणि जानेवारी १९८२ मध्ये अडीच लाख माणसं बाहेर पडली, त्यात बदलीवाल्यांचं दुखणं मोठं होतं. त्यांना कुणी मोटिव्हेट केलं होतं?

मधलीसुट्टी

तो ‘इंग्रज चार आठवड्यांचा पगार द्यायचे, वर्षात ५२ आठवडे, म्हणून तेरावा पगार म्हणजे बोनस’ हा व्हॉट्सअॅपवरचा फॉरवर्ड मी इथे टाकणारच होतो. बरं झालं वाचलो.

गिरणीचा_पोर

टाकला असतात तर कँटीनमध्ये तुमच्या टेबलावर कुणी बसलं नसतं.

ताणाबाणा

बराच वेळ नुसतं वाचत होतो. व्हीजेटीआयचा टेक्स्टाइलवाला आहे, गिरणगाव निघालाच तर अहमदाबादची गोष्ट सांगायलाच हवी. परदेशी पुस्तकांत ती असते, आपल्याकडे सांगितली जात नाही.

साल १९५३. कॅलिको मिल, गौतम साराभाई प्रमुख. कामाच्या ठिकाणच्या माणसांचा अभ्यास करणाऱ्या लंडनच्या टॅव्हिस्टॉक संस्थेतून ए. के. राइस नावाचा माणूस आला. कॅलिकोच्याच ज्युबिली मिलमध्ये नवे स्वयंचलित माग बसवले होते, पण उत्पादन जुन्या मागांपेक्षा फारसं पुढे जाईना, कापडही खराब निघत होतं. सगळ्यांचा अंदाज ठरलेला: कामगार नव्या यंत्राला सरावलेला नाही, मन लावत नाही.

राइसने खात्यात उभं राहून बघितलं. २२४ माग आणि त्यावर बारा प्रकारची माणसं. विणकर, बॅटरी (मागावरचा भरलेल्या बॉबिनांचा साठा) भरणारा, ताणा तुटून गुंता झाला की तो सोडवणारा, ताण्याचा नवा बीम चढवणारा, जॉबर (मुकादम), त्याचा मदतनीस, बॉबिन आणणारा, कापड नेणारा, तेलवाला, झाडूवाला, आर्द्रता सांभाळणारा, फीलर मोशनचा (बॉबिन संपत आल्याचं ओळखणाऱ्या यंत्रणेचा) फिटर. प्रत्येकाचं काम घड्याळ लावून ठरवलेलं, पण प्रत्येकाकडे मागांची संख्या वेगळी. विणकराकडे अमुक, बॅटरीवाल्याकडे तमुक. त्यामुळे माग थांबला की कोणी कोणाला हाक मारायची हेच ठरलेलं नाही. गुंता सोडवणारा दुसऱ्याच टोकाला. कुणी कुणाच्या टोळीतला नाही.

त्याने सुचवलं की ठरावीक माग एका छोट्या टोळीच्या ताब्यात द्या, आतली कामं त्यांची त्यांनी वाटून घ्यावीत. हे बोलणं मॅनेजर-सुपरवायझरांमध्ये चाललेलं असताना कामगारांनीच ते उचललं आणि आपापल्या टोळ्या बनवून टाकल्या. कोण कुणाबरोबर, हेसुद्धा त्यांनीच ठरवलं. सुरुवातीच्या चढउतारांनंतर कार्यक्षमता ८० टक्क्यांवरून ९५ च्या घरात गेली आणि खराब कापडाचं प्रमाण ३२ वरून २० टक्क्यांवर आलं. माणसं तीच, यंत्रं तीच.

आता तेलकट_हात यांच्या कामाचा भाग. १९७० मध्ये टॅव्हिस्टॉकचाच एरिक मिलर परत जाऊन आला. एका खात्यात टोळीपद्धत सोळा वर्षांनंतरही जवळजवळ जशीच्या तशी चालू होती. दुसरीकडे ती मोडली होती. कापडाचे प्रकार बदलले, वरून ताण आला, सुपरवायझर पुन्हा टोळीच्या आत हात घालू लागले. माणसांची प्रेरणा आटली म्हणून मोडली नव्हती.

एचआरताई

ताणाबाणा, हे मी पुढच्या बॅचला सांगणार. पिरॅमिड गेला खड्ड्यात.

वडापाव_अर्थशास्त्री

आपल्याकडचं अजून एक: अमेरिकी मानसशास्त्रज्ञ मॅक्लेलंडने १९६४ मध्ये आंध्रातल्या काकीनाड्याच्या छोट्या व्यापारी-कारखानदारांना ‘काहीतरी करून दाखवण्याची’ ओढ वर्ग घेऊन शिकवता येते का ते पाहिलं, हैदराबादच्या लघुउद्योग प्रशिक्षण संस्थेच्या मदतीने. शिकलेल्यांनी नंतर धंदा वाढवला, माणसं कामाला लावली. पण ती मालकांची प्रेरणा होती. इथे गैरलागू, म्हणून आवरतो.

तेलकट_हात

आठ दिवसांनी येतोय. फोरमनकाकांचं ऐकलं आणि विचारलं.

लाईनवर सगळ्यात जुने एक ऑपरेटर आहेत, सगळे त्यांना मामा म्हणतात. रविवारच्या ओव्हरटाइमला गर्दी नसते. चहाच्या टपरीवर सरळ विचारलं, “मामा, ९२ च का?” मामांनी आधी पूर्ण ग्लास संपवला. मग म्हणाले, “साहेब, तुम्ही यायच्या आधी टार्गेट ८० होतं. एकानं हौसेनं ९० दिले. त्याचा फोटो लागला बोर्डावर, महिन्याचा उत्तम कामगार म्हणून. पुढच्या महिन्यात टाइम स्टडीवाला आला, घड्याळ लावून काम मोजणारा. टार्गेट ९० झालं आणि सात मशीनची लाईन सहाची झाली. सातव्या मशीनवरचा माणूस पॅकिंगला गेला.” थांबून म्हणाले, “फोटोतलाच तो.”

तो बोर्ड अजून आहे. त्यावर आता सुरक्षा सप्ताहाची पोस्टरं असतात.

मग मामांनी मला लाईनवर नेलं. चौथ्या मशीनच्या मागे, कूलंटच्या टाकीपलीकडे एक निळा क्रेट, वर तेलकट चिंधी टाकलेली. आत शाफ्ट, स्वच्छ पुसलेले, तेल लावून एकाआड एक उलटसुलट रचलेले. १४ होते. “कधी इन्सर्ट खराब येतो, कधी पोरगा तापानं फणफणलेला असतो. तेव्हा यातनं काढतो. कुणाचा दिवस पडू देत नाही.” हॉथॉर्नवाले मागे ठेवायचे ते हेच, पण त्या कोपऱ्यातल्या संशोधकाला क्रेट बघायला मिळाला असेल का, कोण जाणे.

नियमाने तो क्रेट माझ्या रिपोर्टात यायला हवा. बिननोंदीचा माल आहे. मी चिंधी परत टाकली.

सोमवारी प्लांट हेडना भेटलो. म्हटलं, लाईन तीनचं टार्गेट वर्षभर गोठवा, मशीन आणि माणूस कमी करणार नाही एवढं नोटीस बोर्डावर लेखी लावा, मग बघा आकडा. ते म्हणाले, कल्पना चांगली आहे, बघू.

निवृत्त_फोरमन

लेखी म्हणाले की तोंडी?

तेलकट_हात

तोंडी, आणि जिन्यात.

खडू_फळा

तो कंत्राटी मुलगा आता कुठे जेवतो?

तेलकट_हात

मामांच्या टेबलावर. क्रेटमधले दोन नग त्याचे आहेत म्हणे.

मधलीसुट्टी

आणि आजचा आकडा?

तेलकट_हात

इन्सर्टचा अख्खा लॉट खराब आलाय. तीन दिवस तरीही ९२ गेले. आज दुसऱ्या पाळीत ८७. क्रेट रिकामा झाला असणार. उद्या सकाळच्या मीटिंगला मला विचारतील, अचानक काय झालं म्हणून.